ग्राहकाचा डीलरवर विश्वास बसावा तरी कसा? (मोटरसायकल, शोरूम आणि सर्व्हिस)

दुचाकी_डेस्क
मंडळी, मी एका मोटरसायकल डीलरकडे सर्व्हिस काउंटर सांभाळतो. कंपनी कुठली ते विचारू नका, सांगणार नाही. धागा जाहिरातीसाठी नाही.

काउंटरवर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस 'हे लोक आपल्याला गंडवणार' हे घरूनच ठरवून आलेला असतो. चेन-स्प्रॉकेट बदलायला झालंय म्हटलं की "इतक्या लवकर कसं?" अजून चालेल म्हटलं की "नीट बघितलंत ना?" मी त्यांना दोष देत नाही. गाडीच्या आत काय चाललंय ते मला दिसतं, त्यांना दिसत नाही. आणि काम निघालं तर कमाई आमचीच होते. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही शंका आली असती.

यावर आमच्या मालकांचा उपाय म्हणजे गारेगार लाउंज, वाय-फाय, हसून बोलणं आणि वाढदिवसाला मेसेज. माझ्या मते याने विश्वास तसूभरही वाढत नाही. म्हणून सरळ विचारतो: डीलरने नेमकं काय केलं तेव्हा तुम्हाला वाटलं की हा माणूस खरं बोलतोय? आणि काय घडल्यावर तुम्ही तिथे पुन्हा पाऊल ठेवलं नाही?

शंकासुर
वाढदिवसाचे मेसेज बंद करा. बाकीचं नंतर बोलू.

चौथा_गिअर
+१. मी गाडी विकून जमाना झाला. "तुमची लाडकी बाइक तुमची वाट पाहतेय" असा मेसेज अजून येतो. ती आता दुसऱ्याची वाट पाहते हो.

वाऱ्यावरची
माझा अनुभव विक्रीच्या बाजूचा आहे. गाडी मला घ्यायची होती, भाऊ नुसता सोबत आला होता. सेल्समन सीटची उंची, मायलेज, टॉर्क सगळं त्याला समजावत होता. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही त्यालाच. भावाला दुचाकी चालवता येत नाही! आम्ही उठून बाहेर पडलो.

दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने आधी मलाच विचारलं की सध्या काय चालवता, मागे कुणी बसतं का, रोजचं अंतर किती. मग चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नुसती सरळ चालवून येऊ नका. जिथे यू टर्न घ्यावा लागेल अशा अरुंद जागी नेऊन बघा, वजन तिथे कळतं." परत आल्यावर त्यानेच सांगितलं की मागे रोज कुणी बसणार असेल तर हे मॉडेल घेऊ नका, मागची सीट लहान आहे आणि सबफ्रेमवर (सीटखालच्या मागच्या सांगाड्यावर) बॅगांचं वजन फार चालत नाही. मी त्याच्याकडचीच, पण स्वस्तातली गाडी घेतली. त्याचा इन्सेंटिव्ह कमी झाला असणार. आज कुणीही शोरूम विचारलं की मी त्याच्याकडेच पाठवते.

आकडेमोड
वाऱ्यावरची, तुमचा किस्सा अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखा आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं: माल कसा आहे ते विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला माहीत नाही, अशी स्थिती असली की घेणारा प्रत्येक गाडी सरासरी दर्जाचीच धरून चालतो आणि भावही तसाच देतो. मग चांगली गाडी असलेला त्या भावात विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खरोखरच डबडी उरतात. म्हणजे अविश्वासाचा पहिला फटका प्रामाणिक डीलरला बसतो. २००१ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं. त्यातल्या स्पेन्स यांचं काम या कोंडीतून बाहेर पडायच्या एका वाटेवर आहे: खोटं बोलणाऱ्याला परवडणार नाही अशी खूण दाखवा.

गोड बोलणं सगळ्यांनाच परवडतं. समोर आलेली महाग विक्री सोडून देणं लबाडाला परवडत नाही, म्हणून ते पटतं. लाउंजचंही तेच. सोफा चोरालाही विकत घेता येतो.

निवांतराव
शेवटच्या वाक्यासाठी शंभर मोदक... नको, ऑनलाइन आहेत, पोटात जात नाहीत. टाळ्या घ्या.

तेलकट_हात
मी मेकॅनिक आहे. आधी मोठ्या डीलरकडे होतो, आता स्वतःचं गॅरेज. दोन्ही बाजूंनी बोलतो, जरा लांबेल.

बऱ्याच वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरावीक वेळ लिहिलेला असतो आणि मेकॅनिकची कमाई त्या लिहिलेल्या वेळेवर असते. काम लवकर उरकलं तर फायदा. एखादा गंजलेला बोल्ट अर्धा दिवस खाऊन गेला तर तोटा मेकॅनिकचा. वर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला पार्ट आणि पॅकेज खपवायचं टार्गेट. आता सांगा, नीट तपासायला वेळ द्यावा असं यात कुणाला वाटेल? माणसं वाईट नसतात. पण तपासणीच्या कागदावर वीस ओळी आणि वीस बरोबरच्या खुणा, त्याही एका दमात मारलेल्या, हे मी रोज बघितलंय.

एक खूण सांगून ठेवतो. व्हॉल्व क्लिअरन्स (इंजिनातल्या झडपांपाशी सोडलेली बारीक फट) तपासायचं तर बहुतेक गाड्यांत इंजिन पूर्ण थंड लागतं. बऱ्याच गाड्यांत टाकी काढावी लागते, मग वरचं कव्हर, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. गाडी गरम इंजिनाने आत गेली, तासाभरात धुऊन बाहेर आली आणि बिलावर व्हॉल्व क्लिअरन्स लावलंय, तर विचारा: इनटेक व्हॉल्वचा आकडा किती आला, एक्झॉस्टचा किती? ज्याने मोजलंय त्याच्याकडे आकडा असतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणेल, "ओके होतं सर."

आता ग्राहकांचंही ऐका. "ऑइल काळं झालंय म्हणजे तुम्ही बदललंच नाही" असं भांडायला येतात. ऑइल काळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, थोडं चालवलं की ते काळवंडतंच. नवीन गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला ऑइलमध्ये बारीक चकचकीत कण दिसतात, त्यावरूनही आरडाओरडा होतो. नवे भाग एकमेकांवर बसताना ते निघतात, म्हणून तर पहिलं ऑइल लवकर बदलतात. हे आधीच दोन मिनिटांत समजावलं असतं तर भांडण झालंच नसतं. पण त्या दोन मिनिटांचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

चौथा_गिअर
ऑइलचा विषय निघालाच आहे तर विचारतो, कारचं ऑइल बाइकमध्ये...

तेलकट_हात
@चौथा_गिअर, नाही. बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेड घ्या. पुढची मारामारी दुसऱ्या धाग्यावर.

निवांतराव
ऑइलवरून धागा पेटायच्या आत विझवल्याबद्दल आभार. हे पहिल्यांदाच बघतोय.

शंकासुर
आता सविस्तर लिहितो. माझा विश्वास उडायला एकच गोष्ट पुरते: सर्व्हिसनंतर येणारा तो फोन. "सर, आम्हाला दहापैकी दहा द्या, नाहीतर माझे पैसे कापतात." म्हणजे मी कसा आहे ते विचारायला फोन नाही, उत्तर पढवायला फोन. एका ठिकाणी तर काउंटरवर माझाच फोन मागून त्यांनीच पाच तारे भरले. असे तारे लावून बसलेल्या डीलरचे ऑनलाइन रिव्ह्यू मी का वाचावेत?

आकडेमोड
त्या फोनमागचं गणित सांगतो. 'तुम्ही आमची शिफारस कराल का?' ही शून्य ते दहाची पद्धत २००३ सालापासून प्रचारात आली. तिच्यात ९ आणि १० देणारेच शिफारस करणारे धरतात. ७ आणि ८ हिशेबातच नाहीत, आणि ६ किंवा कमी म्हणजे विरोधक. नऊ आणि दहाच्या टक्क्यांतून विरोधकांचे टक्के वजा करायचे. आपण शाळेत वाढलेले लोक. आपल्याला आठ म्हणजे उत्तम वाटतं. तिकडे आठ म्हणजे शून्य. त्यात कंपनीने डीलरचा बोनस त्या आकड्याला बांधला की काउंटरवरचा पोरगा गयावया करणारच. मोजायला काढलेला आकडा टार्गेट झाला की तो मोजायच्या कामाचा राहत नाही.

दुचाकी_डेस्क
@शंकासुर, तो फोन आम्हीही करतो. करायला लावतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बाकी @तेलकट_हात यांनी टार्गेटबद्दल लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. पण एक बाजू मांडतो. नवीन गाडीच्या विक्रीत डीलरच्या हाती तुम्हाला वाटतं तितकं उरत नाही. दुकान चालतं ते सर्व्हिस, पार्ट, अ‍ॅक्सेसरी आणि कर्ज-विम्याच्या कमिशनवर. आणि पार्ट कंपनीकडून उशिरा आला तरी शिव्या काउंटरला.

जुनं_खोड
उशिराचं म्हणाल तर, उशिरापेक्षा "उद्या" या शब्दाचा त्रास होतो. मी पार्टसाठी महिनाभर थांबायला तयार होतो. पण रोज फोन करायचा आणि रोज "काका, उद्या नक्की". शेवटी कळलं की ऑर्डरच गेलेली नव्हती. पहिल्याच दिवशी ऑर्डर नंबर लिहून दिला असता आणि 'दर आठवड्याला मीच फोन करतो' म्हणाला असता तर मी तक्रार केली नसती. वाईट बातमी आपण होऊन सांगणाऱ्या डीलरकडे मी डोळे झाकून जातो.

वाऱ्यावरची
काकांशी शंभर टक्के सहमत. आणि बिल वाढणार असेल तर काम करायच्या आधी फोन. नंतर नाही.

काठावरचा
माझ्याकडून वॉरंटीची धमकी. "बाहेर सर्व्हिस केलीत तर वॉरंटी जाईल" हे सगळ्याच डीलरांचं पेटंट वाक्य. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे: अमुकच ब्रँडचा पार्ट किंवा अमुकच सर्व्हिस वापरली तर वॉरंटी, अशी अट घालता येत नाही, ती वस्तू वा सेवा फुकट देत असाल तर गोष्ट वेगळी. २०२२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ली-डेव्हिडसनला वॉरंटीची भाषा बदलायला लावली होती. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, आपापलं वॉरंटी पुस्तक वाचा. पण एक साधी परीक्षा आहे: ती धमकी देणाऱ्याला म्हणा, "हे वाक्य पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते दाखवा."

दुचाकी_डेस्क
मान्य. तरी एक जोडतो. बाहेरच्या माणसाने चुकीचं ऑइल घातलं आणि त्याने क्लच गेला तर तो वॉरंटीत बसणार नाही, आणि ते योग्यच आहे. 'बाहेर गेलात म्हणून नाही' आणि 'बाहेर झालेल्या चुकीमुळे बिघडलं म्हणून नाही' यात फरक आहे. आमचे लोक सोयीसाठी दोन्ही एकच करून सांगतात.

गरगरे
वाचनमात्र होतो. नवीन गाडी घेतोय, डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात. नवीन गाडीतही गंडवतात का? काय बघू?

तेलकट_हात
@गरगरे, गाडी कारखान्यातून निघते तेव्हा पुष्कळदा थोडी सुटी असते. आरसे, हँडल, बॅटरी, काही मॉडेलचं पुढचं चाकही डीलरकडे बसतं. तिथे होणाऱ्या तपासणीला पीडीआय म्हणतात. त्याचा भरलेला कागद मागा, सहीसकट. ज्या डीलरने पीडीआय नीट केलंय त्याला हा कागद दाखवताना आनंद होतो, माझं निरीक्षण आहे.

चासी नंबर कागदपत्रांशी अक्षर न् अक्षर जुळवा. सतरा अक्षरी नंबर असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं काही वाटलं तर तो एक किंवा शून्य आहे. टायरच्या बाजूला 'डॉट' कोडच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणारच, पण फारच जुने निघाले तर गाडी किंवा टायर कुठे पडून होते ते विचारा. ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असतील, त्याने घाबरू नका. चालवून बघितल्याशिवाय दिलेली गाडी जास्त धोक्याची. पण आकडा मोठा असेल तर ती टेस्ट राइडची गाडी आहे का हे स्पष्ट विचारा.

शंकासुर
आणि जुनी गाडी डीलरकडून घेताना ओडोमीटरवर अजिबात जाऊ नका. हातमूठ, फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची कड बघा. ब्रेकच्या डिस्कवर 'मिन टीएच' म्हणून किमान जाडी कोरलेली असते. डीलरला म्हणा, मोजून दाखवा. किलोमीटर कमी आणि डिस्क किमान जाडीला टेकलेली, असं असेल तर आकड्यांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. डिस्क बोलत नाहीये.

तेलकट_हात
अरे वा, शंकासुर कामाचं बोलले!

आणि यावरून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर सुचलं. @दुचाकी_डेस्क, जॉब कार्डवरच्या (त्या तपासणीच्या कागदावरच्या) बरोबरच्या खुणा काढून टाका, तिथे आकडे लिहा. 'ब्रेक पॅड ओके' नको, पॅड किती मिलिमीटर उरलंय ते लिहा. चेनचा सैलपणा किती, टायरची खोबण किती, बॅटरी किती व्होल्ट. मग ग्राहकाला तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही. मागच्या वेळी चार, या वेळी तीन, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला बदलायची वेळ येणार हे त्याचं त्यालाच दिसतं. तुम्ही सांगण्याआधी तोच विचारेल.

शंकासुर
आकडेही मनाने भरता येतात. खुणा मारणाऱ्या हाताला आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो?

आकडेमोड
येतात, पण एकदाच. दुसऱ्या खेपेला पहिला खोटा आकडा आठवून त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, तिसऱ्या खेपेला दोन. मध्येच ग्राहकाने बाहेर कुठे मोजलं तर पितळ उघडं. खूण खोटी ठरवता येत नाही, आकडा ठरवता येतो. विश्वास त्या 'ठरवता येण्या'वर बसतो.

चौथा_गिअर
माझ्या कार्डावर एकदा पुढचं पॅड आधीच्या सर्व्हिसपेक्षा जाड झालेलं होतं. बदललेलं नव्हतं. चालवून चालवून वाढलं. त्या डीलरकडे गाडी ठेवली असती तर टायरलाही नवीन खोबणी फुटल्या असत्या.

जुनं_खोड
😄 मला द्या पत्ता, माझ्या गुडघ्यांच्या वाट्या दाखवून येतो.

वाऱ्यावरची
आकड्यांबरोबर काढलेला जुना पार्टही हातात द्या. मागितल्यावर नाही, आपण होऊन. मी तो घरी नेत नाही, तिथेच टाकते. पण पिशवीत घालून समोर ठेवला की प्रश्नच मिटतो.

काठावरचा
त्यापेक्षा वर्कशॉपला काच लावा. समोर बसून बघू दे.

तेलकट_हात
काच दोन ठिकाणी अनुभवली आहे. ग्राहकाला लांबून माझी पाठ दिसते, पॅड दिसत नाही. आणि मी क्षणभर मॅन्युअल उघडलं की त्याला वाटतं, याला काम येत नाही. मॅन्युअल बघून बोल्टला नेमका टॉर्क लावणारा मेकॅनिक चांगला, हे काचेतून कळत नाही. त्यापेक्षा सापडलेल्या बिघाडाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, त्यात मोजपट्टी दिसू दे.

शंकासुर
हे चालेल. पण व्हिडिओत नंबर प्लेटही दिसली पाहिजे. कुणाचं झिजलेलं पॅड मला दाखवताय ते कळू दे.

निवांतराव
नाव सार्थ केलंत हो.

दुचाकी_डेस्क
उशिरा परत आलो. सगळ्यांचं वाचून मालकांशी बोललो. आकड्यांचं जॉब कार्ड त्यांनी मान्य केलंय, छापायला दिलंय. पुढचं-मागचं पॅड, चेनचा सैलपणा, दोन्ही टायरच्या खोबणी, बॅटरीचे व्होल्ट. 'आज बदलायची गरज नाही' असा एक वेगळा रकानाही घातलाय, तो रिकामा ठेवता येणार नाही. जुने पार्ट पिशवीत देणं सोमवारपासून चालू. व्हिडिओचं बघू. मेकॅनिकना मोजायला जादा वेळ द्यायचं तत्त्वतः ठरलंय. अ‍ॅडव्हायझरचं टार्गेट मात्र हललेलं नाही. त्यावर "ते कंपनीकडून येतं" एवढंच उत्तर मिळालं. दहापैकी दहाच्या फोनचंही तेच.

शंकासुर
म्हणजे कार्ड नवीन, पण ते भरणाऱ्याचा पगार अजून पॅड विकण्यावरच. अर्धं काम झालं. तरी येऊन बघेन.

तेलकट_हात
एक बारीक सूचना. चेन कशी मोजली तेही कार्डावर छापा: साइड स्टँडवर की सेंटर स्टँडवर, आणि चाक फिरवून सगळ्यांत ताठ जागी. मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धतच धरा. दोन वेळा दोन पद्धतींनी मोजलं तर आकडा प्रामाणिक असूनही खोटा दिसेल, आणि मग आहेच शंकासुर.

गरगरे
सगळ्यांचे आभार. पीडीआयचा कागद मागितला, त्यांनी दिला, वर कुठे काय बघायचं तेही दाखवलं. टायर ठीक आहेत. एक शंका: आमच्या घरी जुनी गाडी पडून आहे, तिच्या टायरवर चारऐवजी तीनच आकडे आहेत. मिसप्रिंट का?

तेलकट_हात
मिसप्रिंट नाही. तीन आकडे म्हणजे टायर २००० सालाच्या आधीचा. तिच्यावर बसू नका, ढकलत न्या.